खोल आतला स्नायू

कपडे वाळत घालताना हातातून एक चिमटा निसटला आणि तो उचलायला लेस्टर क्विल्टी वाकला, एवढंच झालं. चौतीस वर्षं ज्या माणसानं दिवसाला दीडशे मेंढ्या वाकून कातरल्या, त्याच्या कमरेत एका प्लॅस्टिकच्या चिमट्यापायी उसण भरली. आधी गुडघे टेकले, मग दोन्ही हात, आणि मग वर जाता येईना की खाली पडता येईना. सँडगेटला सकाळी खाडीवरून वारा येतो. त्या वाऱ्यानं डोक्यावरची कपड्यांची फिरती दांडी कुरकुरत फिरू लागली आणि दर फेरीला त्याच्याच ओल्या शर्टाची एक बाही त्याच्या पाठीवरून घसटत जाऊ लागली. गवतात मुंग्यांची एक ओळ चालली होती. ती त्याच्या डाव्या अंगठ्याला वळसा घालून पुढे गेली. शेवटी कुंपणापलीकडून शेजारच्या वॉलीचा आवाज आला, "काय रे लेस, सकाळी सकाळी गवत उपटायला बसलास?" आता खरं म्हणजे त्यानं ओरडायला हवं होतं, की बाबा ये आणि मला उचल. पण लेस्टरच्या तोंडून निघालं, "हो रे, फार माजलंय." "मग माझ्याकडचंही उपटून टाक की, बियर पाजतो." "बघतो," लेस्टर म्हणाला, आणि खोटं उघडं पडू नये म्हणून त्यानं खरोखरच दोन-चार काड्या उपटून बाजूला टाकल्या. वॉली समाधानानं आत गेला. त्यानंतर पन्नास मिनिटं लेस्टर तसाच होता. त्यातली निम्मी मिनिटं त्याला दुखण्यापेक्षा या गोष्टीचंच नवल वाटत राहिलं, की आपल्याला मदत मागता आली नाही, आणि मागितली असती तर कोणत्या शब्दांत मागायची हेही आपल्याला ठाऊक नाही.

डॉक्टरनं पाठीवरून टॉर्च फिरवावा तशी नजर फिरवली आणि नेहमीचा कागद लिहून दिला. जुनाट दुखणं, व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे सरकारी खर्चानं वर्षात पाच खेपा. पाच म्हणजे पाच. ही बाई, रोवेना, बेकरीच्या शेजारच्या दोन खोल्यांत बसायची. पंचावन्नच्या पुढची, केस पुरुषांसारखे कापलेले, आणि जिभेला हाड नसलेली. "कुठे दुखतं ते विचारत नाही मी," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "कुठे दुखत नाही ते सांगा, लवकर आटपेल." लेस्टरनं थोडा विचार करून कान म्हणून सांगितलं. तिनं त्याला उताणं झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले, शर्ट वर सारला, दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन केले आणि कमरेच्या हाडाच्या दोन बोटं आत, पोटाच्या खालच्या अंगाला, बोटांची टोकं टेकवली. "आता इथलं पोट पँटच्या पट्ट्यापासून जरासं लांब न्या. हलकेच. समोरच्याला कळणारही नाही, इतकंच." लेस्टरनं पोट पाठीला भिडेपर्यंत आत ओढलं. "अहो, फोटो काढत नाहीये मी. आणि श्वास घ्या. मेलेल्या माणसाचंही पोट सपाटच असतं." ती पुन्हा सांगत होती, तीस टक्के, फक्त तीस टक्के ताकद. पण लेस्टरचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. छतावरची ट्यूबलाइट फार झगझगीत आहे असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते काही खरं नव्हतं. खरं हे होतं, की त्याच्या उघड्या अंगाला माणसाचा हात लागून वीस वर्षं झाली होती. केस तो स्वतःच कापायचा, मेंढ्या कातरायच्या जुन्या यंत्रानं. मुलगी पर्थला, ती रविवारी फोन करायची. औषधाच्या दुकानातली पोरगी दर हिवाळ्यात फ्लूची सुई टोचायची, ती रबरी हातमोजा घालून. एवढाच काय तो हिशेब, आणि तो तिथे झोपल्या झोपल्या एका क्षणात झाला.

मेंढी कातरायला घेताना तिला ढुंगणावर बसवतात, पाय वर, पाठ माणसाच्या पोटाला टेकलेली. आधी ती झटापट करते. मग गुडघ्यांचा नीट आधार मिळाला की एकाएकी सगळं अंग सोडून देते, मान बाजूला टाकते आणि कुठेतरी दूर बघत राहते. तिला घाबरून धरलं तर ती घाबरते, हे नवख्या माणसाला कळायला दोन वर्षं जातात. चार्लव्हिलकडच्या शेडांमध्ये चौतीस वर्षं, सकाळी साडेसातच्या घंटेपासून दोन-दोन तासांच्या चार पाळ्या, लेस्टरच्या अंगाला सतत एक ऊबदार, धडधडणारं अंग टेकलेलं असायचं. एक सोडली की दुसरी. हातांना लोकरीचं तेल, पोटरीवर मुताचा वास, कानात यंत्राची घरघर, आणि पोटाशी एक जीव. त्याला तेव्हा ते कष्ट वाटायचे. ते कष्ट होतेच. पण रोवेनाच्या टेबलावर गुडघे वर करून पडलेल्या लेस्टरला पहिल्यांदाच वाटलं, की त्या सगळ्या वर्षांत आपण एक दिवसही एकटे नव्हतो. आणि आपण आत्ता कसे पडलोय, हे लक्षात येऊन त्याला हसूही आलं. रोवेना म्हणाली, "हसायला काय झालं? पोट ताठ होतंय." घरी जाताना तिनं कागदावर लिहून दिलं, दहा-दहा सेकंद, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

आता दहा हा आकडा एखाद्या कारकुनाला पुरेल. शेडमध्ये दहावर थांबणारा माणूस एक तर नवखा असतो नाहीतर आजारी. दुसऱ्या दिवशी साडेसातला लेस्टर बैठकीच्या खोलीत जमिनीवर आडवा झाला आणि साडेनऊला चहासाठी उठला. दहाला पुन्हा आडवा. जेवणानंतर दोन पाळ्या. कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीनं पाच-पाचचे गठ्ठे आखत गेला. पहिल्या दिवशी दीडशे. चौथ्या दिवशी दोनशे चाळीस, आणि पाचव्या दिवशी त्याला शिंकताही येईना. दुसऱ्या खेपेला तो हळूहळू पावलं टाकत रोवेनाकडे पोचला, तरी चेहऱ्यावर मोठा आकडा गाठलेल्या माणसाची ऐट होती. "किती केलेत?" "दोनशे चाळीस." "आठवड्यात?" "छे, गुरुवारी." रोवेना स्टुलावर बसली आणि डोळे पुसेपर्यंत हसली. मग उठून तिनं तळहात त्याच्या फळीसारख्या पोटावर ठेवला. "हे बाहेरचे गडी आहेत ना, हे दांडगे. कुणी हाक मारली की हेच पुढे धावतात. मला हवाय तो आतला. तो आरडाओरडा केला की येत नाही." "मग कसा येतो?" "विसरलात की येतो," ती म्हणाली, "पण आधी शिकावं लागतं आणि मग विसरावं लागतं. माझ्याकडे पाहू नका असे, हे असंच आहे." आणि तिनं त्याला दिवसाला वीसच्या वर एक जरी केला तर कान उपटीन म्हणून दम दिला. "तेवढेच तर दुखत नाहीत माझे," लेस्टर म्हणाला, आणि ती पुन्हा हसली.

तिसऱ्या खेपेला तिनं त्याला पालथं झोपवलं. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, पार खाली, दोन अंगठे ठेवून ती बराच वेळ चाचपत राहिली. "इथे खड्डा पडलाय. डावीकडे जास्त. दुखायला लागलं की हा स्नायू काम सोडून देतो. मग दुखणं जातं, माणूस कामाला लागतो. पण हा आपणहून परत येत नाही. वाट बघत बसून राहतो, वाळत जातो. तुमचा बहुतेक वीस वर्षं तसाच पडलाय. कुणी बोलवायलाच गेलं नाही त्याला." तिचे अंगठे जिथे होते तिथे, अगदी तिथेच, त्याची बायको लॉरेल तळहात ठेवायची. शनिवारी दुपारी तो शेडवरून घरी आला, की स्वयंपाकघराच्या गार फरशीवर पालथा पडायचा. ती गुडघ्यांवर बसून त्याच्या कमरेला तेल चोळायची, चोळता चोळता आठवडाभराच्या बातम्या सांगायची, कुणाची गाय व्याली, कोण कुणाशी भांडलं. मग एका वर्षी एका दांडग्या मेंढ्यानं त्याला आडवा केला आणि कमरेतून वीज गेल्यासारखं झालं. त्या शनिवारी लॉरेलनं नेहमीसारखा हात ठेवला आणि तो ओरडला, हात लावू नकोस. एकदाच ओरडला. लॉरेल मानी होती. तिनं हात काढून घेतला तो घेतलाच. नंतर कुणीतरी सांगितलं की पाठीला कडक पाहिजे, म्हणून तो मधल्या खोलीत जमिनीवर झोपू लागला. कडक म्हणजे चांगलं, यावर त्याचा विश्वासच होता. अकरा वर्षं तो जमिनीवर आणि ती पलंगावर. भांडण असं कधीच झालं नाही. चहाचा कप देतानासुद्धा ती कप टेबलावर ठेवायची आणि तो तिथून उचलायचा, याची त्या दोघांना इतकी सवय झाली होती, की तिच्या शेवटच्या आजारपणात इस्पितळातल्या पोरी तिची कूस बदलत तेव्हा तो हातात टोपी धरून भिंतीशी उभा राही आणि आपल्याला पुढे व्हायला हवं का, हे त्याला उमजत नसे. "झोप लागली का काय?" रोवेनानं वरून विचारलं. "नाही," लेस्टर टेबलाला तोंडासाठी ठेवलेल्या भोकातून खालच्या फरशीशी बोलला. "माझ्या बोटांखाली फुगवा आता. हलकेच." त्यानं प्रयत्न केला. काही झालं नाही. "असू दे," ती म्हणाली. "अजून दोन खेपा आहेत. तोवर जमलं तर सुट्टी, मग इथे तुमचं काम नाही. नाहीच जमलं तर मी डॉक्टरला पत्र लिहीन, ते आणखी पाच देतील."

जमलं ते एका मंगळवारी. व्यायाम करतानासुद्धा नव्हे. किटली चढवून तो ओट्याशी उभा होता. बाहेर वॉली नळीनं गाडी धूत होता आणि मोठ्यानं बेसूर गात होता. लेस्टरचं लक्ष त्या गाण्याकडे होतं, आणि उगीच, हात रिकामे असले की माणूस काहीतरी चाळा करतो तसं, त्यानं पोट पट्ट्यापासून जरासं मागे नेलं, झोपलेल्या कुत्र्याजवळून माणूस पाय मागे घेतो इतपत. आणि आत, फार आत, काहीतरी आवळलं. दुखलं नाही, ताठ झालं नाही. एक रुंद, मऊ पट्टा कमरेभोवती कुणी पाठीमागून येऊन धरावा तसं वाटलं. श्वास चालूच होता. किटली शिट्टी मारू लागली तरी तो हलला नाही. मग सोडलं, पुन्हा केलं, पुन्हा आलं. म्हातारा माणूस ओट्याशी उभा राहून हसत होता. हे कुणालातरी सांगायलाच हवं होतं. तो मागच्या दारात गेला. "वॉली! आतला स्नायू सापडला." वॉलीनं नळी बाजूला धरली. "हरवला होता?" "वीस वर्षं." "माझी बायको म्हणते माझेही हरवलेत," वॉली म्हणाला, "बघ तुझ्याकडे कुठे पडलेत का." आणि तो पुन्हा गाऊ लागला. लेस्टर आत आला, चहा ओतला, आणि कप तोंडाला लावण्याआधीच त्याला कळलं, की याचा अर्थ काय. जमलं तर सुट्टी, ती म्हणाली होती. इथे तुमचं काम नाही, म्हणाली होती. त्या क्षणापर्यंत त्याला वाटत होतं की आपण पाठीसाठी जातोय.

तेव्हा लेस्टर क्विल्टीनं, ज्यानं उभ्या आयुष्यात कातरलेल्या मेंढ्यांचा आकडा एकानंही वाढवून सांगितला नव्हता, लबाडी करायचं ठरवलं. अशा लबाडीला शेडमध्ये काय शिक्षा होती ते त्याला पक्कं ठाऊक होतं. एका माणसानं खडूनं दोन मेंढ्या जास्त लिहिल्या होत्या. त्याला कुणी काही बोललं नाही, फक्त त्याच्या शेजारी कुणी जेवायला बसलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी तो आपली वळकटी घेऊन निघून गेला. लेस्टरही तेव्हा उठून दुसऱ्या बाकावर बसला होता. ते आठवून त्याला आता लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून काही तो थांबला नाही. घरी त्याची पाठ दिवसेंदिवस सुधारत चालली. खुर्चीत न बसता बुटांच्या नाड्या बांधता येऊ लागल्या, कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत एका दमात नेता येऊ लागला. चौथ्या खेपेला मात्र तो बेकरीच्या कोपऱ्यापासून लंगडू लागला. टेबलावर त्यानं दरवेळी श्वास कोंडला, पोट गच्च आवळलं, दांडग्या गड्यांना हाक मारली. रोवेना बोटं न काढता म्हणत होती, "नाही. परत. नाही हो, हलकेच. परत." ती जितकी चिकाटी करत होती तितका तिचा हात जास्त वेळ तिथे राहत होता. त्याला तिच्याबद्दल काही भलतंसलतं वाटत नव्हतं. तिच्या जागी कुणी मिशाळ बाप्या असता तरी चाललं असतं. पण ती थकून खुर्चीत बसली आणि तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढून नाकाचं हाड चोळलं, तेव्हा त्याला फार वाईट वाटलं. "माझंच शिकवणं चुकतंय," ती म्हणाली. "तीस वर्षं करतेय हे. इतका साधा माणूस आणि मला जमत नाही म्हणजे काय?" "माझंच डोकं जाड आहे," लेस्टर म्हणाला. घरी परत जाताना तो लंगडायला विसरला.

पाचव्या खेपेला टेबलाशेजारी सोनोग्राफीचं यंत्र होतं. "मैत्रिणीकडून मागून आणलंय," रोवेना म्हणाली. "बोटांनी नाही कळत तर डोळ्यांनी बघू. तुम्हालाही दिसेल, मलाही." लेस्टर टेबलावर आडवा झाला. तिनं गार चिकट मलम लावलं, यंत्राचा तुकडा कमरेशी टेकवला, आणि पडद्यावर करड्या रंगाचे तीन थर उमटले, पावसाळी आभाळासारखे. "वरचे दोन ते दांडगे. हा खालचा बारीक, तो आपला. आवळा." लेस्टरनं सगळा जोर लावून पोट आवळलं. वरचे थर फुगले, खालचा होता तसाच राहिला. त्याला मनातून बरं वाटलं. मेंढीला फसवता येतं तसं यंत्रालाही फसवता येतं. "हं," रोवेना म्हणाली. "आता काही करू नका. पोटाचा विचारही करू नका. नुसता उजवा हात वर उचला, कुणाला हाक मारल्यासारखा." यात काय लबाडी करायची ते लेस्टरला सुचलं नाही. त्यानं हात उचलला. पडद्यावर, हात टेबलावरून सुटण्याच्या किंचित आधी, खालचा बारीक थर सरकला, जाड झाला आणि तसाच टिकला. वरचे दोन निवांत होते. "परत," ती म्हणाली. तो परत आला. "डावा." डाव्यालाही आला. न बोलावता, न सांगता, त्याच्या आधी. लेस्टर पडद्याकडे पाहत होता आणि त्याला एकाच वेळी अभिमानही वाटत होता आणि रडूही येत होतं. खोलीत बेकरीतल्या गरम पावाचा वास भरला होता.

"हे कधीपासून?" तिनं विचारलं.

"आत्ताच आलं वाटतं."

"लेस्टर, मला मूर्ख बनवू नका. हा आठवड्याभरातला नाही. मागच्या वेळी तुम्ही मला तासभर राबवलंत."

लेस्टरनं छताकडे पाहिलं. सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, लॉरेल, फरशी, टेबलावर ठेवलेला कप. त्यातलं एकही वाक्य त्यानं कधी मोठ्यानं म्हणून पाहिलं नव्हतं. "इथे यायला बरं वाटायचं," तो म्हणाला. एवढं बोलल्यावर त्याचे कान लाल झाले. रोवेनानं त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग हातातल्या यंत्राच्या तुकड्याकडे. तो अजून त्याच्या कमरेशीच टेकलेला होता. तिला कळलं असावं. कारण तिनं तो लगेच काढला नाही, आणि नंतर मलम पुसताना, एरवी ती रुमाल त्याच्याच हातात द्यायची, तो आज तिनं दिला नाही. स्वतःच पुसलं, सावकाश, कडेकडेनं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. "पत्र नाही लिहिता येणार मला," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "तुम्ही बरे झालात. नुसते बरे नाही, माझ्याकडे येणाऱ्या पोरांपेक्षाही चांगला आहे तुमचा. खोटं नाही लिहिता येत." "नकाच लिहू," लेस्टर घाईघाईनं म्हणाला. "बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये वर्ग असतो. बाराजण येतात, चटया घालून करतात. गप्पाही होतात. याल?" "मग तुम्ही असता का तिथे?" "असते. पुढे उभी राहून सांगते." "म्हणजे लांबून." "हो," रोवेना म्हणाली, "लांबून." लेस्टरनं मान हलवली. "बघू," तो म्हणाला, आणि दोघांनाही त्या 'बघू'चा अर्थ कळला.

प्रत्येक खेपेला शेवटी ती त्याला कुशीवर वळवायची आणि खांद्याखाली हात घालून उठवून बसवायची. उताण्या माणसानं एकदम उठू नये, असं तिचं म्हणणं होतं. तो तिच्या हाताला सगळं वजन द्यायचा, आणि ते दोन-तीन सेकंद त्याला घरी गेल्यावर संध्याकाळपर्यंत पुरायचे. आजही तिनं यंत्र बंद केलं, वायर गुंडाळली आणि नेहमीसारखी टेबलाच्या या बाजूला आली. लेस्टर कुशीवर वळून वाट पाहत होता. हे शेवटचं, हे त्याला ठाऊक होतं. अंग सैल सोडायचं, पूर्ण सोडायचं, हे त्यानं मनाशी ठरवलंही होतं. ती वाकली, तिनं हात पुढे केला. आणि खोल आत काहीतरी हलकेच आवळलं, पाय टेबलावरून खाली गेले, धड वर आलं, आणि तिचा हात पोचण्याआधी लेस्टर क्विल्टी ताठ उठून बसला होता.